६६६४ चालतो, ६६६५ का नाही? ब्राउझर अडवतो ते पोर्ट आणि साइटची योग्य जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका व्हीपीएसवर (भाड्याने घेतलेला, पूर्ण ताबा असलेला आभासी सर्व्हर) आठ क्लायंटच्या छोट्या साइट्स आहेत आणि त्यांना ६६६० ते ६६६७ असे ओळीने पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दारांचे नंबर, दिलेत. पहिल्या पाच उघडतात. ६६६५, ६६६६ आणि ६६६७ वरच्या तीन मात्र क्रोममध्ये 'एरर अनसेफ पोर्ट' म्हणून थांबतात आणि फायरफॉक्स पत्ता प्रतिबंधित असल्याचं पान दाखवतो. सर्व्हरवर बसून कर्ल या कमांड लाइनच्या साधनाने पान मागितलं तर आठही साइट्स व्यवस्थित उत्तर देतात. फायरवॉल उघडून झाला, एसएसएल लावून झालं, फरक शून्य. म्हणून तुम्ही विचारताय, की ब्राउझर अडवणार नाही असा 'सेफ' पोर्ट कोणता.

आजच्या आज तीन साइट्स चालू करायच्या असतील तर त्यांना ८०८१, ८०८२, ८०८३ द्या, फायरवॉलमध्ये हे तीन उघडा, चालतील. पण माझ्या मते प्रश्न चुकीच्या टोकाने धरलाय. क्लायंटच्या ग्राहकाला साइटच्या नावापुढे कोलन आणि चार आकडे टाइप करावे लागतात, हे मूळ दुखणं आहे. ते काढलं की कुठला पोर्ट ब्राउझरला चालतो हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. 'जवळजवळ' का म्हणतोय ते पुढे येईलच.

आधी अडवणूक नक्की कुठे होते ते पाहू. ब्राउझर पत्ता वाचतो, त्यातला पोर्ट काढतो आणि स्वतःकडच्या एका यादीशी ताडतो. नंबर यादीत असेल तर तो जोडणी उघडतच नाही. सर्व्हरपर्यंत एकही पॅकेट जात नाही. खात्री करायची असेल तर सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी पॅकेट दाखवणारं साधन) ६६६५ वर लावून ठेवा आणि क्रोममधून पान उघडा: पडदा कोरा राहील. मग दुसऱ्या मशीनवरून कर्ल करा, लगेच ओळी धावतील. म्हणूनच फायरवॉलशी झालेली तुमची झटापट वाया गेली, आणि एसएसएलचंही तेच. तपासणी फक्त नंबरची होते. पुढे एचटीटीपी आहे की एचटीटीपीएस, सर्टिफिकेट खरं आहे की स्वतः बनवलेलं, हे बघण्याची वेळच येत नाही.

निदानासाठी तीन लक्षणं वेगळी ओळखता आली पाहिजेत. एंटर मारताच क्षणात 'अनसेफ पोर्ट' आलं तर ती ब्राउझरची यादी. लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर पॅकेट पोचलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये किंवा ॲप फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनपुरतं, बांधलेलं आहे. बराच वेळ चक्र फिरून 'टाइम्ड आउट' आलं तर वाटेत कुठला तरी फायरवॉल पॅकेट गिळतोय: सर्व्हरवरचा, होस्टिंगच्या पॅनेलमधला, किंवा बघणाऱ्याच्या ऑफिसमधला. हा शेवटचा प्रकार लोक विसरतात. बऱ्याच ऑफिस-कॉलेजांच्या नेटवर्कमधून बाहेर जायला ८० आणि ४४३ सोडून बाकी दारं बंद असतात. तुमच्या पहिल्या पाच साइट्स 'चालतात' असं तुम्ही म्हणताय खरं, पण त्या तुमच्या घरून चालतात. एखाद्या बँकेत बसलेल्या माणसाला ६६६० वरची साइट कदाचित कधीच दिसली नसेल, आणि तसं कळवायला तो तुम्हाला शोधत येणार नाही.

पानातल्या जावास्क्रिप्टने अशा पोर्टकडे विनंती केली तर तिथे नुसतं 'फेल्ड टू फेच' दिसतं, खरं कारण डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये असतं. वेबसॉकेट, इमेज, आयफ्रेम, सगळ्यांना हाच नियम. ४४३ वरच्या पानाने यादीतल्या पोर्टकडे रीडायरेक्ट केलं तरी तो टप्पा अडतो.

आता यादी. ती प्रत्येक ब्राउझर मनाने बनवत नाही. वेबचे नियम लिहिणाऱ्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाच्या 'फेच' मानकात वाईट पोर्टांचा तक्ता आहे आणि क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी साधारण त्यालाच धरून चालतात. १०२४ च्या खालचे बरेच त्यात आहेत: २१, २२, २३, २५, ५३, ११०, १४३, ३८९, ४६५, ५८७, ९९३, ९९५ वगैरे. तिथे सहसा कुणी साइट ठेवत नाही, त्यामुळे त्यांचा त्रास होत नाही. त्रास होतो तो वरच्यांचा, कारण ते दिसायला निरुपद्रवी असतात. हे एवढे लक्षात ठेवा: १७१९, १७२०, १७२३, २०४९, ३६५९, ४०४५, ४१९०, ५०६०, ५०६१, ६०००, ६५६६, ६६६५ ते ६६६९, ६६७९, ६६९७ आणि १००८०. तुमचे पहिले पाच वाचले आणि पुढचे तीन अडकले, ते सहाव्या साइटपासून तुम्ही ६६६५ ते ६६६९ या पट्ट्यात शिरलात म्हणून. तो आयआरसी चॅटचा पट्टा. नववी आणि दहावी साइट आली असती तर ६६६८ आणि ६६६९ वर त्याही अडकल्या असत्या, आणि ६६७० वरची अकरावी पुन्हा चालली असती. मग तर डोकं धरून बसायची वेळ.

या यादीत दोन नंबर असे आहेत जिथे शहाणी माणसंही पडतात. एक ६०००. ३००० वर फ्रंटएंड, ५००० वर एपीआय, मग पुढचा म्हणून ६०००. पण तो एक्स विंडो सिस्टिमचा, म्हणजे युनिक्स-लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेचा. दुसरा १००८०. 'दहा हजार अधिक ८०' हा हिशोब इतका सोयीचा वाटतो, की डॉकरच्या (ॲप्स 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) अनेक जुन्या सूचनांमध्ये तोच दिलेला सापडतो. २०२१ मध्ये क्रोमने तो बंद केला आणि आदल्या दिवशीपर्यंत चालणाऱ्या साइट्स ब्राउझरच्या एका अपडेटनंतर दिसेनाशा झाल्या. १०४४३ मात्र यादीत नाही.

हे सगळं कशासाठी, ते समजलं तर पाठांतराची गरज कमी होते. एचटीटीपी साध्या ओळींमध्ये बोलतो. मेलचा एसएमटीपी, चॅटचा आयआरसी यांसारखे जुने प्रोटोकॉलही ओळींमध्येच बोलतात. समजा कुणी दुष्ट माणसाने आपल्या पानावर एक फॉर्म ठेवला, त्याचा पत्ता दिला तुमच्या ऑफिसातल्या मेल सर्व्हरचा, पोर्ट २५, आणि मजकूर साध्या टेक्स्टमध्ये जाईल अशी व्यवस्था केली. तुम्ही पान उघडताच जावास्क्रिप्ट तो फॉर्म पाठवतो. मेल सर्व्हरला पहिली ओळ दिसते 'पोस्ट' ने सुरू होणारी. तो म्हणतो, ५००, ही आज्ञा कळली नाही. मग 'होस्ट' ची ओळ, पुन्हा ५००. 'युजर एजंट', पुन्हा ५००. अशा पाच-दहा चुका तो सहन करतो आणि मग फॉर्मच्या मजकुरातल्या ओळी सुरू होतात: हेलो, मेल फ्रॉम, आरसीपीटी टू, डेटा. या सगळ्या त्याला कळतात. झाला मेल रवाना, तोही ऑफिसच्या आतल्या मशीनवरून, म्हणजे विश्वासातल्या माणसाकडून. हा हल्ला योखेन टॉप्फ यांनी २००१ मध्ये तपशीलवार मांडला होता. २०१० मध्ये हीच युक्ती फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कवर वापरली गेली: लोक एखादी लिंक उघडायचे आणि त्यांचा ब्राउझर त्यांच्या नकळत चॅटमध्ये कचरा ओतायचा.

दुसरी लाट आली २०२० च्या अखेरीस. सॅमी कामकार यांनी 'नॅट स्लिपस्ट्रीमिंग' दाखवलं. घरातल्या राउटरमध्ये इंटरनेट फोनसाठी एक मदतनीस असतो. ५०६० वर जाणाऱ्या पॅकेटमध्ये फोन जोडणीची मागणी दिसली की तो बाहेरून आत येणारी वाट आपोआप उघडतो. ब्राउझरकडून एक भलामोठा फॉर्म ५०६० कडे पाठवून घ्यायचा, आणि त्याचे तुकडे असे पाडायचे की एक पॅकेट बरोबर 'रजिस्टर' या शब्दाने सुरू होईल. राउटर फसतो आणि आतलं मशीन बाहेरच्यासाठी उघडं पडतं. क्रोमच्या ८७ व्या आवृत्तीत ५०६० आणि ५०६१ बंद झाले. जानेवारी २०२१ मध्ये आर्मिस या कंपनीच्या संशोधकांनी कामकार यांच्यासोबत याची पुढची आवृत्ती दाखवली, तेव्हा १७१९, १७२०, १७२३, ६५६६ वगैरेंची भर पडली. त्याच वर्षी 'अल्पाका' नावाच्या हल्ल्यानंतर ९८९ आणि ९९० आले.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. यादी वाढत जाते, त्यामुळे आज चालणारा अडनिड्या नंबरचा पोर्ट उद्याही चालेल याची हमी कुणी देणार नाही. आणि यादीत नसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. रेडिस या डेटाबेसचा ६३७९ यादीत नाही, मायएसक्यूएल या डेटाबेसचा ३३०६ नाही. रेडिसने अशा हल्ल्यांवर स्वतःच उपाय केला, 'पोस्ट' किंवा 'होस्ट' ने सुरू होणारी ओळ दिसली की तो जोडणी तोडतो. म्हणून या नंबरांवर वेबसाइट ठेवायची म्हटलं तर ब्राउझर हरकत घेणार नाही, पण तुमचा पुढचा सिस्टिम ॲडमिन तुम्हाला नक्की शिव्या घालेल.

आता उपाय. तुमच्याकडे व्हीपीएस आहे, म्हणजे रूट अधिकार आहेत असं धरतो. शेअर्ड होस्टिंग असतं तर हा प्रश्नच आला नसता, तिथे ८० आणि ४४३ त्यांचेच असतात. आठही ॲप्स आतल्या पोर्टांवर ठेवा आणि दारात एकच रिव्हर्स प्रॉक्सी बसवा, एनजिनएक्स किंवा कॅडी. बाहेरच्या जगासाठी फक्त ८० आणि ४४३ उघडे. अपार्टमेंटच्या गेटवरचा वॉचमन जसा नाव विचारून फ्लॅट सांगतो, तसं प्रॉक्सी विनंतीतलं साइटचं नाव बघून ती योग्य ॲपकडे पाठवते. आठ साइट्ससाठी आठ आयपी लागत नाहीत. टीएलएसच्या पहिल्याच संदेशात ब्राउझर साइटचं नाव सांगतो, त्यावरून सर्टिफिकेटही योग्य ते निवडलं जातं.

क्रम असा ठेवा. आधी डीएनएस: प्रत्येक साइटच्या नावाची ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी) व्हीपीएसच्या आयपीकडे. ए नोंदीत पोर्ट लिहिता येत नाही, तिथे कोलन टाकून बघण्यात वेळ घालवू नका. मग ॲप्स ८१०१ ते ८१०८ वर हलवा आणि ती १२७.०.०.१ वरच ऐकतील असं करा. सध्याच्या ६६६० च्या रांगेतून हलवायला का सांगतोय, त्याला दोन कारणं आहेत, दोन्ही खाली येतात. डॉकर वापरत असाल तर पोर्ट देताना आधी १२७.०.०.१ लिहा, मग बाहेरचा नंबर, मग कंटेनरचा. हे विसरलात तर डॉकर तो पोर्ट सगळ्या जगासाठी उघडतो, आणि यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलने बंद केलेला असला तरी उघडतो, कारण त्याचे नियम यूएफडब्ल्यूच्या आधी लागतात. कंटेनरच्या आत ॲप ६००० वर असलं तरी काही बिघडत नाही.

मग एनजिनएक्समध्ये प्रत्येक साइटसाठी एक सर्व्हर ब्लॉक: लिसन ४४३, सर्व्हर नेममध्ये साइटचं नाव, प्रॉक्सी पासमध्ये १२७.०.०.१ आणि आतला पोर्ट. सोबत तीन हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) पुढे पाठवायचेच: होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो. होस्ट पाठवला नाही तर ॲपला वाटतं आपलं नाव १२७.०.०.१:८१०६ आहे, आणि पानातल्या लिंका, पासवर्ड बदलायच्या ईमेलमधल्या लिंका तशाच बनतात. प्रोटो पाठवला नाही तर एचटीटीपीएसचा आग्रह धरणारं ॲप स्वतःकडेच रीडायरेक्ट करत राहतं आणि ब्राउझर 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणून हात वर करतो. फॉर पाठवला नाही तर लॉगमध्ये प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ दिसतो. चुकीच्या पासवर्डवर आयपी बंद करणारं काही लावलेलं असेल, तर एका माणसाच्या चुकीपायी सगळेच बाहेर. पण नुसतं पाठवून भागत नाही. बहुतेक फ्रेमवर्कमध्ये या प्रॉक्सीवर विश्वास ठेव असं वेगळं सांगावं लागतं. वेबसॉकेट असतील तर एचटीटीपी १.१ आणि अपग्रेड, कनेक्शन हे दोन हेडर आणखी. एकदा कॉन्फिगची चाचणी चालवा, चूक नसेल तरच रीलोड.

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं घ्या. नेहमीच्या तपासणीसाठी त्यांचा सर्व्हर तुमच्या ८० नंबरवरच येतो, दुसरा कुठलाही पोर्ट चालत नाही. तेव्हा 'आता सगळं ४४३ वर आहे' म्हणून ८० बंद करू नका, नाहीतर नूतनीकरण होणार नाही आणि सर्टिफिकेटची मुदत संपली की साइट लाल पडेल. ८० अजिबात उघडता येत नसेल तर डीएनएसमध्ये नोंद टाकून तपासणी करून घेता येते.

प्रॉक्सी आल्यावर जे नवे त्रास दिसतात ते पोर्टचे नसतात, पण दोष पोर्टवरच ढकलला जातो. ५०२ दिसला तर आतलं ॲप बंद आहे किंवा नंबर चुकला. अल्मा, रॉकी किंवा रेड हॅट असेल आणि एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' दिसत असेल तर लिनक्सचा जादा सुरक्षा पहारा, एसई-लिनक्स, आडवा येतोय. वेब सर्व्हरला नेटवर्क जोडणीची परवानगी देणारा स्विच चालू करा, एसई-लिनक्सच बंद करू नका. फाइल अपलोड करताना ४१३ आला तर एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी आहे, ती वाढवा. मोठा रिपोर्ट काढताना ५०४ आला तर ६० सेकंदांची मुदत संपली.

आणि एक त्रास मात्र खरोखर पोर्टचाच. सगळं नीट लावल्यावर साइट उघडली, आणि पुढच्या क्षणी पुन्हा तेच 'अनसेफ पोर्ट'. ॲड्रेस बारकडे नीट बघा, तिथे :६६६५ परत आलेला असेल. ॲपच्या सेटिंगमध्ये कुठेतरी जुना पत्ता लिहून ठेवलेला असतो. वर्डप्रेस असेल तर डेटाबेसच्या ऑप्शन्स तक्त्यातल्या 'साइटयूआरएल' आणि 'होम' या दोन नोंदी. लॅराव्हेल असेल तर एन्व्ह फाइलमधला ॲप यूआरएल. दुसरं काही असेल तर सगळ्या कॉन्फिगमध्ये आणि डेटाबेसच्या डंपमध्ये '६६६५' शोधा. दुरुस्त केल्यावरही तेच दिसलं तर ब्राउझरने ३०१ रीडायरेक्ट लक्षात ठेवलाय. इनकॉग्निटोमध्ये तपासा, आणि चाचणी संपेपर्यंत ३०२ वापरा.

आता त्या 'जवळजवळ'कडे. ब्राउझर फक्त पत्त्यातला पोर्ट बघतो, त्यामुळे प्रॉक्सीच्या मागे ६६६५ असला तरी त्याला कळत नाही. एनजिनएक्सलाही फरक पडत नाही. पण ब्राउझरचा नियम पाळणारी आणखी काही मंडळी सर्व्हरवर राहतात. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १८ व्या आवृत्तीपासून आलेला अंगभूत 'फेच' हीच यादी तपासतो. एका ॲपने दुसऱ्याला १२७.०.०.१:६६६६ वर हाक मारली तर 'फेच फेल्ड' येतो आणि खोलात गेल्यावर कारण दिसतं 'बॅड पोर्ट'. नोडच्या जुन्या एचटीटीपी मॉड्यूलवर चालणाऱ्या लायब्ऱ्या मात्र जातात, त्यामुळे लायब्ररी बदलल्यावर अचानक मोडतोड झाल्यासारखी वाटते. पावत्यांची पीडीएफ बनवायला पपेटिअरसारखं साधन वापरत असाल तर त्याच्या पोटात क्रोमच आहे, तेही अडणार. आतला पोर्टही यादीबाहेरचा ठेवा म्हणतो ते यासाठी. हे पहिलं कारण.

पोर्ट दिसणं टाळताच येत नाही अशाही जागा असतात. घरी किंवा दुकानात ठेवलेला डीव्हीआर, राउटरचं रिमोट पान, नॅस (नेटवर्कवरची फाइल साठवायची पेटी). तिथे राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये बाहेरचा नंबर आणि आतला नंबर वेगळे देता येतात. बाहेर ८४४३, आत ४४३, असं करा. ५५४ वर कॅमेऱ्याचं पान उघडायचा प्रयत्न करू नका, तो आरटीएसपी व्हिडिओचा पोर्ट आहे आणि यादीतही आहे. चाचणी घरच्या वाय-फायवरून करू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत, त्यामुळे बरोबर असलेलंही चूक दिसतं. मोबाइल डेटावरून बघा. आणि सगळ्याच्या आधी राउटरचा वॅन आयपी तपासा: तो १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजी-नॅटच्या (एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटणारी इंटरनेट कंपनीची व्यवस्था) मागे आहात. मग कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरून कुणी येणार नाही. स्थिर आयपी विकत घ्या किंवा टनेल वापरा.

दिसणारा पोर्ट निवडायचाच तर माझा हिशोब असा. १०२४ च्या वरचा घ्या, कारण त्याखाली लिनक्सवर साध्या युजरला ऐकता येत नाही. ३२७६८ च्या खालचा घ्या, कारण लिनक्स स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी ३२७६८ ते ६०९९९ मधले नंबर उचलतो. तुमचं ॲप रीस्टार्ट होत असताना नेमका तोच नंबर कुणीतरी घेतलेला असेल तर 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' येईल, आणि पाच मिनिटांनी आपोआप चालेलही. असला बिघाड शोधण्यात रात्र जाते. मधल्या पट्ट्यात ८०००, ८०८०, ८४४३, ८८८८ आणि त्यांचे शेजारी निर्धास्त वापरा. साइट क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीमागे असेल तर निवड आणखी आटते. तिथे एचटीटीपीसाठी ८०, ८०८०, ८८८०, २०५२, २०८२, २०८६, २०९५ आणि एचटीटीपीएससाठी ४४३, २०५३, २०८३, २०८७, २०९६, ८४४३ एवढेच पुढे जातात. म्हणजे वर सुचवलेला ८०८१ तिथे चालणार नाही. स्वतःच्या मशीनवर काम करताना मॅकवर ५००० आणि ७००० एअरप्लेने घेतलेले असू शकतात. विंडोजवर हायपर-व्ही मोठे पट्टे राखून ठेवतो, ते नेटश आज्ञेने राखीव पोर्टांची यादी मागितली की दिसतात.

ब्राउझरची यादी बाजूला सारता येते का? स्वतःच्या मशीनवर, हो. फायरफॉक्सच्या अबाउट-कॉन्फिगमध्ये 'नेटवर्क, सिक्युरिटी, पोर्ट्स, बॅन्ड, ओव्हरराइड' अशी ठिपक्यांनी जोडलेली एक स्ट्रिंग नोंद बनवून तिच्यात नंबर लिहायचा. क्रोम सुरू करताना 'एक्सप्लिसिटली अलाउड पोर्ट्स' हा पर्याय द्यायचा. त्याआधी क्रोम पूर्ण बंद असला पाहिजे, मागे एखादी खिडकी उघडी राहिली तर पर्याय नुसता दुर्लक्षिला जातो. नंबर बदलता न येणारं एखादं जुनं यंत्र एकदाच उघडून त्याची सेटिंग बदलायची, एवढ्यापुरतं हे ठीक. क्लायंटच्या ग्राहकांना हे करायला सांगणं म्हणजे त्यांच्या घराची कडी काढून ठेवायला सांगणं, आणि फोनवर ते व्यवहारात जमतही नाही.

राहिलं स्थलांतर. ६६६० ते ६६६४ चे पत्ते लोकांकडे गेलेले आहेत, तेव्हा त्या पाच पोर्टांवर एनजिनएक्सला ऐकायला लावून नव्या पत्त्याकडे रीडायरेक्ट ठेवा, निदान काही महिने. यासाठीच ॲप्स ८१०१ च्या रांगेत हलवायला सांगितली, तेच दुसरं कारण. ॲप ६६६० ला धरून बसलं असेल तर एनजिनएक्सला तो मिळणार नाही. या काळात एचएसटीएस (यापुढे ही साइट एचटीटीपीएसनेच उघड, असं ब्राउझरला सांगणारं हेडर) चालू करू नका. ते पोर्टवार लागत नाही, पूर्ण नावाला लागतं. ज्याने नवी साइट एकदा पाहिली त्याचा ब्राउझर जुनी :६६६० ची साधी लिंकही एचटीटीपीएसने उघडू पाहील, तिथे साधा एचटीटीपी असल्याने टीएलएसची एरर येईल आणि तुमचा रीडायरेक्ट कधी गाठलाच जाणार नाही. कुकी पोर्टवार वेगळ्या नसतात, पण लोकल स्टोरेज असतं, त्यामुळे लॉगिनचं टोकन तिथे ठेवत असाल तर लोकांना एकदा पुन्हा लॉगिन करावं लागेल. तसंच एपीआयच्या कॉर्स यादीत (कुठल्या पत्त्यांवरच्या पानांना एपीआय वापरू द्यायचं ती यादी) जुना पत्ता पोर्टसकट लिहिलेला असेल, तो बदला.

६६६५ ते ६६६७ च्या तीन साइट्सना मात्र रीडायरेक्ट लावून उपयोग नाही, ब्राउझर तिथपर्यंत येणारच नाही. त्यांचे पत्ते व्हॉट्सॲपवर पाठवले असतील तर नवे पाठवा, आणि क्यूआर कोड छापून घेतले असतील तर ते परत छापावे लागतील.